उपचार हवेत, पण ऑफिसात कळायला नको: मराठवाड्यात कुठला मार्ग धरावा?

मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलं की पहिली भीती डॉक्टरची नसते. जिन्यावरून आपल्याच खात्यातला कुणी वर आला तर काय सांगायचं, ही असते. नोकरी जाईल, बढती अडेल, चार लोकांत नाव होईल, या धास्तीनं मी आठ महिने लांबवलं. झोप उडाली होती, सकाळी सही करताना हात थरथरायचा, तरी लांबवलं. शेवटी गेलो, आणि गोष्ट फुटलीच. पण डॉक्टरांनी फोडली नाही, मीच दिलेल्या कागदानं फोडली. म्हणून खाली मी प्रत्येक मार्ग एकाच प्रश्नानं तपासला आहे: तुमचं नाव कुठं लिहिलं जातं आणि तो कागद कुणाकुणाच्या टेबलावरून जातो?

फोन की प्रत्यक्ष भेट

पाऊलच उचलत नसेल तर फोनपासून सुरुवात करावी. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची फोनसेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. फोन स्वतःच्या मोबाईलवरून करा, कंपनीनं दिलेल्या सिमवरून नको. अडचण जागेची असते. दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे, लेकरं असताना मनातलं बोलणार कुठं? माझ्या ओळखीचे एक गृहस्थ त्यासाठी शेतात जाऊन बांधावर बसायचे.

पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं हाही मार्ग आहे. मार्च 2020 च्या दूरवैद्यक नियमांनी त्याला अधिकृत जागा दिली. शहर दूर, म्हणून ओळखीचं कुणी भेटायची धास्ती नाही. मात्र काही औषधं अशा भेटीत लिहून देता येत नाहीत, त्यामुळं कधी ना कधी प्रत्यक्ष जावं लागतं.

जीव नकोसा वाटत असेल तर ही सगळी तुलना बाजूला ठेवा. 14416 लावा किंवा घरच्या माणसाला घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात जा. त्या रात्री नोकरीचा विचार करायचा नाही.

सरकारी की खाजगी

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं. त्यातलं एकही मराठवाड्यात नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, कारण नोकरी करता करता उपचार घेणाऱ्या बहुतेकांना भरती व्हावंच लागत नाही, बाह्यरुग्ण विभाग पुरतो. तो संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात आहे, अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आहे, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सिव्हिललाही सेवा मिळते. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत. महिन्याची औषधं चालू ठेवायची असतील तर कमी पगाराच्या माणसाला हा मोठा आधार आहे.

तोटा म्हणजे खिडकीवर नाव पुकारतात, रांग मोठी असते आणि अर्धा दिवस जातो. खाजगी दवाखान्यात संध्याकाळची वेळ मिळते, रजा लागत नाही, गर्दी कमी असते. पण तालुक्याच्या गावात कंपाउंडरही कुणाचा तरी सोयरा निघतो. म्हणून मला तिसरा पर्याय बरा वाटतो: शेजारच्या जिल्ह्यातला दवाखाना. उदगीरच्या माणसानं नांदेडला जावं, नांदेडच्यानं लातूरला. एसटीचं भाडं आणि एक रविवार जातो, पण बाकावर मान खाली घालून बसावं लागत नाही. ज्याची ऐपत नाही त्यानं मात्र अंतरापायी उपचार सोडू नयेत. सिव्हिलच्या रांगेत ओळखीचा भेटलाच, तर तोही त्याच रांगेत उभा असतो.

खिशातून की बिल लावून

मी चुकलो ते इथं. सरकारी नोकरीत वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, म्हणून मी पावत्या जोडून फाईल दिली. फाईल आवक-जावकला गेली, आस्थापनेच्या टेबलावर गेली, आणि कुणीतरी गोळ्यांची नावं मोबाईलवर शोधली. पंधरा दिवसांत दोघांनी मला हळूच विचारलं, “आता कसं वाटतंय, साहेब?” प्रश्न मायेचा होता, पण मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. पुढचा सगळा खर्च मी खिशातून केला. झेपत असेल तर निदान पहिले सहा महिने असंच करावं, असं माझं मत आहे.

रजेचंही असंच. महिन्यातून एकदा दाखवायला जायला किरकोळ रजा पुरते, तिथं आजाराचं नाव लिहावं लागत नाही. वैद्यकीय रजेसाठी प्रमाणपत्र लागतं, आणि त्यावर आजाराचा उल्लेख येतो. लांब रजा लागणारच असेल तर आधी अर्जित रजा शिल्लक आहे का बघा. नसेल तर प्रमाणपत्रावर काय लिहिणार हे डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा. खोटं लिहून मागू नका, ते दोघांनाही अडचणीत आणतं.

वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या कारखान्यातल्यांसाठी प्रश्न समूह विम्याचा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं विमा कंपन्यांना शारीरिक आजाराप्रमाणंच मानसिक आजारालाही संरक्षण द्यायला सांगितलं आहे. हक्क आहेच. फक्त दाव्याचा कागद थेट विमा कंपनीकडे जातो की एचआरच्या हातून, हे फॉर्म भरण्याआधी विचारून घ्या.

कंपनीचा समुपदेशक की बाहेरचा

काही कंपन्या फुकट समुपदेशन देतात. ते वाईट नसतं, पण पहिल्याच भेटीत विचारा: कंपनीला किती जण आले एवढा आकडाच कळवता, की नावंही? उत्तर लेखी मिळालं तर जा. गुळमुळीत उत्तर आलं तर बाहेरचा शोधा.

बाहेरही “काउन्सेलर” अशी पाटी कुणीही लावू शकतं. 2017 च्या कायद्याचं कलम 23 गोपनीयतेची जबाबदारी उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर टाकतं. म्हणून एमडी मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गाठा. या कलमाला अपवाद आहेत. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढी माहिती देता येते. तुमच्या साहेबाचा फोन त्या अपवादांत बसत नाही.

मेडिकल

याचा विचार फारसं कुणी करत नाही. घराखालच्या मेडिकलवाल्याला तुमच्या गोळ्या सगळ्यात आधी कळतात. अल्प्राझोलामसारखी काही औषधं एच-1 या कडक नोंदीच्या सरकारी यादीत आहेत, ती देताना दुकानदाराला रुग्णाचं नाव नोंदवहीत लिहावंच लागतं. ती वही औषध निरीक्षकासाठी असते, ऑफिससाठी नाही, तेव्हा घाबरून खोटं नाव सांगू नका. दवाखान्याजवळच्या दुकानातूनच महिन्याची औषधं घेऊन परत या.

कळलंच तर

सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कारणानं कामावरून काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 हेच सांगतं आणि मानसिक आजार त्या कायद्याच्या यादीत आहे. पण नुसते उपचार घेतल्यानं कुणी दिव्यांग ठरत नाही, त्यासाठी वेगळं प्रमाणपत्र काढावं लागतं, आणि ते काढायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. खाजगी नोकरीत, विशेषतः कंत्राटी कामात, एवढी भक्कम ढाल हातात नसते. तिथं कागद कमी ठेवणं हाच जास्त उपयोगाचा मार्ग.

एका बाबतीत मात्र लपवालपवी नको. तुम्ही एसटी किंवा ट्रक चालवत असाल, यंत्रावर उभे राहत असाल, कमरेला शस्त्र असेल, तर हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. काही गोळ्यांनी गुंगी येते. काम कळलं तर डॉक्टर औषध बदलू शकतात, वेळ बदलू शकतात, किंवा पहिले काही दिवस ड्युटी घेऊ नका म्हणू शकतात. मी माझ्या डॉक्टरांना रात्री उशिरापर्यंत निवडणुकीचं काम असतं असं सांगितलं, तेव्हा त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली.