स्किप्टनमध्ये एकच दिवस: किल्ला, बोल्टन अ‍ॅबी की मॅलम?

इंग्लंडमधल्या लीड्स शहराहून स्किप्टन हे गाव रेल्वेने पाऊण तासावर. स्टेशनातून बाजाराचा मुख्य रस्ता चालत दहा मिनिटं, आणि त्याच रस्त्याच्या टोकाला किल्ला. गाव स्वतः अर्ध्या दिवसात उरकतं. खरा प्रश्न उरलेल्या अर्ध्या दिवसाचा आहे, कारण बोल्टन अ‍ॅबी हा नदीकाठचा जुना मठ पूर्वेला दहा किलोमीटरवर, तर चुनखडीच्या कड्यांचं मॅलम वायव्येला जवळपास दुप्पट अंतरावर. दोन्ही एका दिवसात कोंबली की निम्मा वेळ गाडीत जातो.

आईबाबा सोबत असतील तर किल्ला आणि कालवा. राजगड-तोरण्याची सवय असलेल्यांना इथे चढणच नाही याचं नवल वाटेल, पण आत गेल्यावर गोल जिने आणि झिजलेल्या पायऱ्या आहेतच. गुडघे दुखणाऱ्यांनी आतलं अंगण पाहून थांबावं. त्या अंगणातला यू हा सदाहरित वृक्ष किल्ल्याची मालकीण लेडी अ‍ॅन क्लिफर्डने 1659 साली, किल्ल्याची डागडुजी केल्यावर लावला. इंग्लंडच्या यादवी युद्धात तीन वर्षांच्या वेढ्यानंतर, डिसेंबर 1645 मध्ये, हा किल्ला पडला, तरी आज छप्परासकट उभा आहे. खोल्या मात्र रिकाम्या आहेत. पलंग, पडदे, झुंबरं पाहायची हौस असेल तर निराशा होईल. भिंती, चुली, तळघर वाचता येत असेल तर दीड तास सहज जातो.

किल्ल्याच्या मागून जाणारा छोटा कालवा खाणीतला चुनखडीचा दगड वाहून न्यायला खणला होता. तो 204 किलोमीटर लांबीच्या लीड्स-लिव्हरपूल कालव्याला मिळतो. काठावरची वाट सपाट आहे, तिकीट नाही. बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. शनिवारी गाडी लावायला जागा शोधण्यातच सकाळ जाते, म्हणून आम्ही बुधवार सुचवतो.

लहान मुलं असतील तर बोल्टन अ‍ॅबी. नावात अ‍ॅबी असलं तरी हा 1154 साली इथे आलेल्या ऑगस्टिनियन पंथीयांचा मठ, म्हणजे अ‍ॅबीहून खालच्या दर्जाची प्रायरी. 1539 मध्ये मठ बंद झाला, पण चर्चचा पश्चिमेकडचा भाग गावकऱ्यांच्या प्रार्थनेसाठी राहिला. त्यामुळे एकाच इमारतीचं अर्धं छप्पर शाबूत आणि अर्धं आकाश. नदीत ओळीने दगड आहेत, त्यांवरून पलीकडे जायचं. पाणी चढलं की तो नाद सोडावा, शेजारीच पूल आहे.

नदीच्या वरच्या अंगाला स्ट्रिड आहे, तिथे मात्र मुलांचा हात सोडू नये. वार्फ नदी तिथे दोनेक मीटर रुंदीच्या खडकाच्या फटीत शिरते. रुंदी गेली ती खोलीत गेली, आणि कडांखालचा खडक पाण्याने पोखरलेला आहे. उडी मारून जाऊ असं वाटायला लावणारी ही जागा. शेवाळावरून घसरलेला माणूस आत ओढला जातो. इथे माणसं गेली आहेत.

पार्किंगचं शुल्क गाडीमागे असतं, म्हणून भरलेल्या गाडीला ते परवडतं, दोघांना जड वाटतं. वाफेच्या इंजिनाची एम्बसे ते बोल्टन अ‍ॅबी गाडी गोड आहे, पण दोन चुका नेहमी होतात: ती स्किप्टन स्टेशनातून सुटत नाही, आणि तिचं बोल्टन अ‍ॅबी स्टेशन मठापासून अडीच किलोमीटर अलीकडे आहे. रोज धावतही नाही.

पायात ताकद असेल तर मॅलमला पर्याय नाही. जेनेट्स फॉस हा छोटा धबधबा, गॉर्डेल स्कार ही घळ आणि मॅलम कोव्ह हा 80 मीटर उंचीचा कडा अशी फेरी चार-पाच तासांची. हिमयुगाच्या अखेरीस या कड्यावरून प्रचंड धबधबा कोसळायचा. आता पाणी चुनखडीत मुरतं. डिसेंबर 2015 च्या वादळात तो काही काळ पुन्हा वाहिला होता. माथ्यावर दगडांची फरशी आहे, तिच्या भेगा घोट्याएवढ्या नव्हे, गुडघ्याएवढ्या खोल. पावसात ती साबणासारखी होते. साध्या बुटांनी जाऊ नका. बस मोजक्याच आहेत, तेव्हा परतीची वेळ आधी लिहून घ्या आणि मग चालायला लागा.