रायझन ५ २६०० प्रोसेसर काढून ५६०० बसवला, त्याला सहा महिने झाले

माझा कॉम्प्युटर २०१९चा. रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम. २०२३ मध्ये त्यात आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घातलं आणि तिथूनच डोक्याला प्रश्न लागला. कार्ड नवं, तरी सायबरपंक या खेळात गर्दीच्या बाजारात शिरलं की चित्र अडखळायचं. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये समोर धूर पसरला की नेमका तेव्हाच झटका बसायचा. सरासरी एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) पाहिला तर बरा, पण खेळताना हात अडायचा.

आमच्या गोव्यात म्हापशातल्या एका दुकानात विचारलं, तर उत्तर मिळालं की हे सगळं जुनं झालं, एएम५ (नव्या सॉकेटचा) बोर्ड, डीडीआर५ (नव्या पिढीची) रॅम, नवा प्रोसेसर, सगळंच घ्या. हिशेब चाळीस हजारांच्या घरात गेला. मी जवळजवळ तयार झालो होतो. साखळी गावचा भाचा घरी आला होता, त्याने विचारलं, "मामा, कार्डच कमी पडत नसेल कशावरून?" प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्याच रात्री दोघांनी मिळून तपासलं. बाजारातली एकच जागा, एकच सेव्ह, आफ्टरबर्नर या मोजणीच्या सॉफ्टवेअरचे आकडे कोपऱ्यात. १०८० पीवर ५४ एफपीएस, कार्डाचा वापर ६० टक्के. रिझोल्यूशन ७२० पीवर आणलं. कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं, म्हणजे एफपीएस उसळायला हवा होता. आला ५५. कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघत होतं. कोणीही काहीही विकत घेण्याआधी ही दहा मिनिटांची चाचणी करावी, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. रिझोल्यूशन कमी केल्यावर आकडा भराभर चढला तर प्रोसेसरला हात लावू नका, पैसे कार्डावर घाला.

तपासताना आणखी एक गोष्ट सापडली. रॅम ३२०० वेगाची, पण बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय, बंदच होतं आणि ती २४०० वर चालत होती. २६०० बरोबर ती ३२०० वर स्थिर राहीना, २९३३ वर राहिली. फुकटात चार-पाच फ्रेम वाढल्या, झटके मात्र तसेच.

प्रोसेसर निवडताना ५७००एक्स३डी मनात होता. ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच जलद मेमरी), खेळांसाठी फारच चांगला, पण किंमत दुपटीच्या आसपास आणि डब्यात कूलर नाही. ५६०० ला ३२ एमबी कॅश. २६०० मध्येही कोर सहाच, पण तीन-तीनच्या दोन गटांत वाटलेले आणि प्रत्येक गटाकडे आपली ८ एमबी. एका घरात दोन चुली असाव्यात आणि मिठासाठी सारखं या चुलीकडून त्या चुलीकडे जावं लागावं, तसं ते चालतं. ५६०० मध्ये सहाही कोर एकाच चुलीभोवती आहेत. माझ्या मते खरा फरक या बदलाने पडतो, गिगाहर्ट्झने कमी.

बोर्ड जुनाच ठेवायचा म्हणजे आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, बायोस अपडेट करायला हवा. मे महिन्यात आमच्या डिचोलीत संध्याकाळी ढग गडगडले की वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि अपडेट अर्धवट राहिला तर बोर्ड बाद. म्हणून पहाटे पाचला उठून, यूपीएसवर लावून केला. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. प्रोसेसर बदलल्यावर एफटीपीएम (प्रोसेसरमधला सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारा भाग) रीसेट करायचं का, असं बोर्ड विचारतो, तेव्हा ती लागू शकते.

कूलर काढताना मात्र धस्स झालं. प्रोसेसर आणि कूलर यांमधली पेस्ट सुकून घट्ट झाली होती. स्क्रू सोडवून मी सरळ वर ओढला, तर सॉकेट बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर आला. एएम४ (माझ्या बोर्डाचा जुना सॉकेट) मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. कोपऱ्यातल्या दोन वाकल्या. पेन-पेन्सिलीतली शीस काढून पेन्सिलीचं पोकळ टोक पिनेवर बसवलं आणि श्वास धरून एकेक सरळ केली. तुम्ही काढाल तेव्हा आधी पंधरा मिनिटं खेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

आता आकडे. बाजारातली तीच जागा ५४ वरून ७६ वर गेली. पण मला आनंद झाला तो एक टक्का लो (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमांचा एफपीएस) पाहून: ३१ चा ५८ झाला. कार्डाचा वापर आता ९७ टक्के. काउंटर-स्ट्राइकमध्ये सरासरी १४० होती ती २१५ च्या आसपास आली आणि लो ५५ चा ९८ झाला. धुरातला झटका गेला. रॅमही पहिल्याच फटक्यात ३२०० वर चालली. पावसात इंटरनेट डळमळलं की पात्रं मागे-पुढे उड्या मारतात, ते दुखणं वेगळं. त्याला कुठलाच प्रोसेसर उपाय नाही.

तक्रार एकच, डब्यातला कूलर. मेमधल्या दुपारी पंख्याखाली बसूनही तापमान ८३ पर्यंत चढलं, मर्यादा ९० ची, आणि पंख्याचा आवाज बाहेरच्या खोलीत आईला ऐकू जायचा. चवथीला घर साफ करताना कॅबिनेट उघडलं तर कूलरच्या पात्यांवर तांबड्या धुळीचा थर. खाणीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे नवं नाही. ब्रशने झाडल्यावर सहा अंश उतरले. आता दर दोन महिन्यांनी झाडतो.

तुम्ही ६० हर्ट्झच्या पडद्यावर निवांत खेळत असाल आणि झटके जाणवत नसतील, तर २६०० अजून वर्षभर चालवा. विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीतही तो आहे, त्यामुळे तेवढ्यासाठी बदलायची गरज नाही.

माझा जुना २६०० साखळीला भाच्याच्या कॉम्प्युटरमध्ये बसलाय, सरळ केलेल्या दोन पिनांसकट, आणि सुरळीत चालतोय. मला पुढचा मे लागायच्या आत कूलर बदलायचा आहे.