ए-क्लास की २ सीरिज? खान्देशात लीजवर गाडी घेणाऱ्यासाठी

खंडाने शेत करणाऱ्या माणसाला लीज वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शेत आपलं नसतं, वर्षाचा खंड ठरलेला असतो, पीक आपलं असतं. बांध फुटला तर कुणी घालायचा, विहिरीवरची मोटर जळली तर खर्च कुणाचा, हे आधी बोलून घेतलं नाही तर मुदत संपताना भांडण होतं. गाडीच्या लीजमध्येही हेच सगळं असतं. म्हणून मर्सिडीजची ए-क्लास लिमोझिन आणि बीएमडब्ल्यूची २ सीरिज ग्रॅन कूपे यांची तुलना करताना मी जितका वेळ इंजिनाला दिला, त्याहून जास्त कागदांना दिला.

निमित्त नानांचं. नाना माझे थोरले चुलतभाऊ, सावद्याला केळीचा व्यापार करतात. आतापर्यंत एकाच मोठ्या डिझेल गाडीवर त्यांनी आठ वर्षं काढली. आता त्यांना सेडान हवी आहे, पण पन्नास लाखांच्या घरात जाणारी रक्कम गाडीत अडकवायची नाही. केळीच्या हंगामात तोच पैसा त्यांना खेळता लागतो. मी जळगावात करसल्लागार आहे. तेव्हा गाडी चालवून बघायची नानांनी आणि करारनामा वाचायचा मी, अशी वाटणी झाली. नानांच्या आई, म्हणजे आमच्या काकू, मागच्या सीटवर बसून बघायला आल्या होत्या, आणि त्यांचं मत शेवटी सगळ्यांत वजनदार ठरलं.

आधी गाड्यांची ओळख. ए-क्लास लिमोझिन आपल्याकडे मार्च २०२१ मध्ये आली आणि २०२३ मध्ये तिचं रूप थोडं बदललं. ए २०० मध्ये १.३ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे, ताकद १६३ अश्वशक्ती. जुळणी चाकणला होते. २ सीरिज ग्रॅन कूपेची सध्याची पिढी जुलै २०२५ मध्ये भारतात आली. तेव्हा २१८ एम स्पोर्टची एक्स-शोरूम किंमत ४६.९० लाखांपासून होती. तिचं इंजिन १.५ लिटरचं, तीन सिलिंडरचं, १५६ अश्वशक्तीचं, आणि जुळणी चेन्नईला. दोन्हींना सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आहे आणि दोन्ही पुढच्या चाकांवर चालतात. बीएमडब्ल्यू म्हटलं की मागच्या चाकांवर चालणारी गाडी असं ज्यांच्या डोक्यात पक्कं आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं. ते सुख हवं असेल तर ३ सीरिजपर्यंत जावं लागतं आणि मग सगळा हिशेबच बदलतो.

चालवायला कोणती चांगली, याचं उत्तर नानांनी फैजपूर ओलांडायच्या आत दिलं. २ सीरिजचं स्टिअरिंग हातात घेतलं की गाडी तुमच्या मनातलं आधीच ओळखते असं वाटतं. ओव्हरटेक करताना, वळणावर, ब्रेक लावताना ती घट्ट बसलेली असते. उभी असताना तीन सिलिंडरची किंचित थरथर जाणवते, पण वेग घेतला की ती विसरायला होते. ए-क्लास त्या मानाने शांत आहे. ती घाई करत नाही, करूही देत नाही. चाळीसगावहून कन्नडचा औट्रम घाट चढायचा असेल किंवा शहाद्याहून तोरणमाळला जायचं असेल, तर मी डोळे झाकून २ सीरिज मागेन. पण औट्रम घाट वर्षातून दोनदा चढायचा, आणि भुसावळच्या रेल्वे पुलाखालची गर्दी रोजची. हा भेद नानांना पटला.

मागची सीट हा खरा फरक आहे. काकूंचं वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. २ सीरिजचं छप्पर मागे उतरत जातं, दिसायला ते फार देखणं आहे, पण आत शिरताना मान वाकवावी लागते. काकूंनी एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा डोक्यावरचा पदर सावरत थांबल्या. ए-क्लासमध्येही सीट खालीच आहे, मांडीखाली आधार मला कमी वाटला, पण दारातून आत-बाहेर करणं त्यांना जमलं. ए-क्लासच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २७२९ मिलिमीटर आहे, २ सीरिजचं २६७०. सहा सेंटिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, गुडघ्यांना तो कळतो. नाना एवढंच म्हणाले, “माय मांगे बसीन, तं तिले उतरता आलं पाह्यजे.” ज्यांच्या घरी कुणी वडीलधारं मागे बसणार आहे, त्यांनी त्या माणसाला घेऊनच शोरूमला जावं. आपण बसून बघितल्याने काही कळत नाही.

स्क्रीन, दिव्यांचे रंग, आवाज ओळखणारी यंत्रणा यावर मी फार लिहीत नाही. दोन्हींत ते भरपूर आहे आणि आठवड्याभरात सवयीचं होतं. काचेच्या छताबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण प्रश्न आपल्याकडच्या उन्हाचा आहे. जळगाव-भुसावळचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला पंचेचाळीस अंश म्हणजे काय ते माहीत आहे. टेस्ट ड्राइव्ह सकाळी अकराला घेऊ नका. गाडी तासभर उन्हात उभी करायला लावा, मग दुपारी दोनला मागच्या सीटवर बसून एसी किती वेळात पोचतो ते बघा. आम्ही हे केलं, आणि त्या एका तासात माहितीपत्रकापेक्षा जास्त कळलं.

आता रस्ते. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर गावागणिक गतिरोधक आहेत, कित्येकांवर पट्टे नाहीत, आणि समोरून केळीने लादलेले ट्रक. या दोन्ही गाड्या बुटक्या आहेत. चार माणसं आणि सामान घेऊन गतिरोधक तिरका घ्यावा लागतो. खरेदीची गाडी घासली तर हळहळून आपण पुढे जातो. लीजच्या गाडीचं तसं नसतं, कारण मुदत संपली की तपासनीस गाडीखाली वाकून बघतो. माझ्या एका अशिलाने काही वर्षांपूर्वी वेगळ्याच एका ब्रँडची गाडी लीजवर घेतली होती. परत देताना रिमवरचे ओरखडे, खालच्या पॅनेलला गेलेली चीर आणि झिजलेले टायर मिळून त्याच्या हातात मोठं बिल आलं. करारात ‘नेहमीची झीज वगळून’ असं एक वाक्य होतं, पण नेहमीची झीज म्हणजे किती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून मी कुणालाही पहिलं हेच सांगतो: झिजेची व्याख्या लेखी मागा, शक्यतो फोटोंसह.

टायरचंही तसंच. रन-फ्लॅट टायर असेल तर पंक्चर झाल्यावरही साधारण ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं. जळगावहून संभाजीनगरला निघालात तर तेवढ्यात अजिंठ्याचा घाट ओलांडून सिल्लोडच्या अलीकडे पोचाल. डिकी उघडून स्टेपनी आहे की नाही ते स्वतः बघा, आणि असेल तर डिकीत उरलेल्या जागेत तुमची बॅग मावते का तेही.

सर्व्हिसचा प्रश्न दोन्हींना सारखाच आहे. जळगावकरांना संभाजीनगर दीडशे किलोमीटरच्या आसपास, धुळेकरांना नाशिक साधारण तेवढंच, आणि नंदुरबारवाल्यांना त्याहून लांब. करारात सर्व्हिस धरलेली असेल तर गाडी दारातून नेऊन आणून देणार का, आणि त्या दोन दिवसांत दुसरी गाडी मिळणार का, हे विचारा. जो आमच्या जिल्ह्यातून गाडी उचलायची लेखी हमी देईल, त्याला मी भाड्यात दोन-तीन हजार जास्त द्यायला तयार आहे.

किलोमीटरच्या मर्यादेवर सगळे फसतात. नानांसमोर जे कोटेशन आलं त्यात वर्षाला २० हजार किलोमीटरची मर्यादा होती. ऐकायला ती भरपूर वाटते. आम्ही सोप्यावर बसून हिशेब मांडला. सावदा ते जळगाव येऊन-जाऊन शंभरेक किलोमीटर, आठवड्यातून चार फेऱ्या, म्हणजे वर्षाचे २० हजार तिथेच संपले. आठवड्याला एक बऱ्हाणपूर, त्याचे पाच हजार. मुलगी पुण्याला शिकते, तिकडच्या पाच-सहा फेऱ्या, त्याचे आणखी पाच हजार. एकूण ३० हजार. समजा जादा किलोमीटरला १५ रुपये दर आहे, तर वर्षाला दीड लाख आणि तीन वर्षांत साडेचार लाख वर द्यावे लागतील. शहरातल्या माणसाचं ऑफिस दहा किलोमीटरवर असतं. आपल्याकडे बाजारपेठ, दवाखाना आणि कोर्ट सगळं तालुका ओलांडून असतं. म्हणून पहिल्या दिवशीच ३० हजारांचं कोटेशन मागायचं, मग भाडं चढलं तरी चालेल. ते चढलेलं भाडं मागाहून येणाऱ्या दंडापेक्षा कमी निघतं का, हे दोन्ही आकडे समोर ठेवून बघायचं.

आता माझ्या कामातला भाग. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातल्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. आधी २८ टक्के आणि त्यावर सेस होता. गाडीला जो दर, तोच तिच्या लीजच्या भाड्याला. समजा भाडं महिन्याला ८० हजार सांगितलं आणि ते कराशिवाय असेल, तर तुमच्या खात्यातून एक लाख बारा हजार जाणार. ३६ महिन्यांत नुसता कर ११ लाख ५२ हजार. कर्जाने गाडी घेतली तर व्याजावर जीएसटी लागत नाही. लीजच्या भाड्यात मात्र व्याजही मुरलेलं असतं आणि कर सगळ्या भाड्यावर लागतो. हा फरक विक्रेते आपणहून सांगत नाहीत.

“पण जीएसटीचं क्रेडिट मिळेल ना?” म्हणजे भाड्यावर भरलेला कर धंद्याच्या जीएसटीतून वजा करता येईल ना, हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. दालमिलवाले विचारतात, सराफ विचारतात, नानांनीही विचारला. उत्तर नाही असंच आहे. कायद्याच्या कलम १७(५) मध्ये तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाड्या आणि त्यांचं भाडं, दोन्हींचं क्रेडिट अडवलेलं आहे. ज्याचा धंदाच गाड्या विकण्याचा, भाड्याने देण्याचा, प्रवासी नेण्याचा किंवा ड्रायव्हिंग शिकवण्याचा आहे, त्यालाच ते मिळतं. केळीच्या व्यापाऱ्याला नाही. आयकरात मात्र लीजचा खरा फायदा आहे. धंद्यासाठी वापरलेल्या प्रमाणात भाडं खर्च म्हणून दाखवता येतं. स्वतःच्या गाडीवर घसारा, म्हणजे गाडी जुनी होते त्याची वजावट, मिळतो तो दरवर्षी घटत्या रकमेवर १५ टक्के, त्यामुळे वजावट हळूहळू सुटते. घरच्या वापराचा वाटा दोन्हीकडे वगळावाच लागतो. कंपनीकडून गाडी मिळणाऱ्या पगारदारांसाठी एक गोष्ट: इंजिन १.६ लिटरच्या आत असेल तर त्या सोयीची करासाठी धरली जाणारी किंमत कमी असते, आणि या दोन्ही गाड्या त्या रेषेच्या आत आहेत.

लीज आणि खात्रीची परतखरेदी यांत गल्लत करू नका. मर्सिडीजची स्टार ॲजिलिटी आणि बीएमडब्ल्यूची ३६० या योजनांमध्ये हप्ता कमी असतो आणि शेवटी गाडी ठरलेल्या किमतीला परत देता येते, पण ते मुळात कर्ज असतं. आरसी बुक कुणाच्या नावावर निघणार हेही विचारा. कंपनीच्या नावावर गाडी नोंदवली तर महाराष्ट्रात रस्ता कर व्यक्तीच्या नावापेक्षा बराच जास्त बसतो, आणि तो फिरून भाड्यातच येतो.

जाता जाता पिढीचा मुद्दा. ए-क्लासचा मूळ आराखडा २०१८ सालचा आहे, २ सीरिज त्या मानाने ताजी. विकत घेताना मी याला महत्त्व दिलं असतं, कारण तीन वर्षांनी जुन्या आराखड्याची गाडी विकताना भाव पडतो. लीजमध्ये ती काळजी मालकाची, म्हणजे लीज देणाऱ्या कंपनीची. तो ती भाड्यात धरतो, तेव्हा दोन्ही भाडी समोर ठेवा आणि तेवढंच बघा.

माझं मत सांगायचं तर नानांसाठी ए-क्लास. काकू मागे, पुढे ड्रायव्हर, रस्ता लांबचा, आणि नानांना पोचल्यावर ताजंतवानं असायचं आहे. जळगावात राहणारा, स्वतः गाडी चालवणारा, वर्षाला बारा-पंधरा हजार किलोमीटर फिरणारा तरुण डॉक्टर किंवा वकील मला विचारायला आला, तर त्याला मी २ सीरिजच सांगेन, आणि न अडखळता सांगेन. वर्षाला ३५-४० हजार किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्याने मात्र लीजच्या वाटेला जाऊ नये. त्याने कर्ज काढावं.

नानांनी ३० हजार किलोमीटरचं, जीएसटीसह आणि झिजेच्या लेखी व्याख्येसह नवं कोटेशन मागवलं आहे. गाडी येईल त्या दिवशी पूजेला नारळ फोडायच्या आधी चारही रिम, चारही टायर, बंपरची खालची कड आणि गाडीचा तळ यांचे तारखेसह फोटो काढून त्याच दिवशी मालकाला मेल करायचे, एवढं मी वहिनींना आत्ताच सांगून ठेवलं आहे. नाना विसरतील, वहिनी विसरणार नाहीत.