सात पुड्या, एकच लाकूड : तयार होमसाहित्याच्या संचाविषयी

जुळे सोलापुरातील आमच्या नव्या घराची वास्तुशांत माघात झाली. बाजारात चार फेऱ्या माराव्या लागू नयेत म्हणून शहरातील एका पूजासाहित्याच्या दुकानातून ‘संपूर्ण होमसाहित्य’ असे छापलेला तयार संच 1,150 रुपयांना आणला. खोक्यात तांब्याचे लहान हवनकुंड, तुपाची बरणी, काळे तीळ, गुग्गुळ, कापूर, पूर्णाहुतीचा नारळ व लाल वस्त्र आणि नवग्रहांच्या समिधांच्या नऊ पुड्या होत्या. बांधणी नीटनेटकी होती, यादीतील एकही वस्तू कमी नव्हती आणि तीळ तर निवडून घेतल्यासारखे स्वच्छ होते.

अडचण समिधांपाशी आली. सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला औदुंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा आणि केतूला दर्भ, अशी नवग्रहांच्या समिधांची ठरलेली वाटणी आहे. पुड्यांवर ही नावे बिनचूक छापलेली होती. मात्र गुरुजींनी त्या ताटात ओतल्या, तेव्हा पहिल्या सात पुड्यांतून एकाच रंगाचे, करवतीने कापलेले, साल नसलेले तुकडे निघाले. त्यांनी ‘आघाडा’ लिहिलेल्या पुडीतला अंगठ्याएवढा जाड तुकडा उचलून आमच्यासमोर धरला. आघाडा हे पावसाळ्यात कुंपणाकडेला उगवणारे, धोतराला कुसळे चिकटवणारे रोप असून त्याची काडी पेन्सिलीहून जाड झालेली आम्ही तरी कधी पाहिलेली नाही. दूर्वा आणि दर्भ तेवढे खरे होते, कारण गवत करवतीने कापून तयार करता येत नाही.

एवढ्यासाठी तक्रार कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु होमात जे द्यायचे त्याचा आधी संकल्पात आणि अन्वाधानात (कोणत्या देवतेला काय देणार ते सांगण्याच्या विधीत) नावाने उच्चार होतो, मग ‘स्वाहा’ म्हणून ते अग्नीत सोडले जाते आणि लगेच यजमान ‘इदं न मम’, म्हणजे हे आता माझे नव्हे, असे म्हणतो. आहुतीचा सारा अर्थ या त्यागात आहे. अग्नी केवळ ती पोहोचवणारा आहे. खैर म्हणून भलतेच लाकूड सोडले, तर त्याग कशाचा झाला, हा प्रश्न शास्त्र न शिकलेल्या माणसालाही पडतो. समिधा सालीसह, न किडलेली आणि साधारण वीतभर असावी हा नियमही पाळलेला नव्हता. आमच्या पुड्यांतले तुकडे जेमतेम बोटभर होते.

तुपाच्या बाबतीत तर हसावे की रडावे कळेना. बरणीवर बारीक अक्षरांत ‘केवळ पूजेसाठी, खाण्यास अयोग्य’ असे छापलेले होते. अग्नीला देवांचे मुख म्हणतात. आपण जे तोंडात घालणार नाही ते त्याच्या मुखात कसे घालावे, एवढेच विचारून गुरुजींनी बरणी बाजूला ठेवली आणि सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातले घरचे तूप आणून दिले.

तांब्याचे कुंड दिसायला देखणे असले, तरी ग्रहमखाला, म्हणजे नवग्रहांच्या होमाला, ते अपुरे आहे. प्रत्येक ग्रहाला आठ समिधा धरल्या तरी बहात्तर होतात, शिवाय तीळ, चरू (शिजवलेला भात) आणि आज्य (तूप) यांच्या आहुत्या वेगळ्या. इतक्यासाठी विटा रचून, वाळू पसरून, कडेने रांगोळी घातलेले स्थंडिलच सोयीचे पडते, आणि अखेरीस आमच्याकडेही तेच मांडावे लागले. संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर होमप्रदीपन पाहत मोठ्या झालेल्या सोलापूरकराला हे वाटीएवढे कुंड पाहून गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही. घरी नित्य चार आहुत्या देणाऱ्याला मात्र ते पुरेल.

दुकानदारांनी तुपाचे पैसे विनातक्रार परत केले, ही त्यांची जमेची बाजू. समिधांबद्दल विचारल्यावर ‘सगळे हेच नेतात, गुरुजीही काही म्हणत नाहीत’ असे उत्तर मिळाले, ते पटले नाही.

त्या दिवशी ऐन वेळी धाकट्या भावाने जुन्या पेठेतील एका लहानशा दुकानातून सुट्या समिधा आणल्या. सुतळीने बांधलेल्या सात पेंड्या सात तऱ्हांच्या होत्या. रुईच्या काडीच्या टोकाला चीक वाळलेला होता, शमीच्या काडीवर बारीक काटे होते आणि पळसाच्या काड्या वेड्यावाकड्या होत्या. किंमत 240 रुपये पडली. तेथील आजोबा वजनकाटा वापरत नाहीत, मोजून देतात, आणि आघाडा ताजा हवा असल्यास दोन दिवस आधी सांगून ठेवावे लागते. संच घ्यायचाच असेल तर तीळ, गुग्गुळ आणि वस्त्रासाठी घ्यावा, मात्र पैसे देण्यापूर्वी आघाड्याची पुडी दुकानातच उघडून पाहावी.