पॅटर्नशॉपमध्ये फ्रीकॅड १.०: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतरचा अनुभव

आमचं काम फौंड्रीसाठी (धातू ओतणाऱ्या कारखान्यासाठी) पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उमटवणारा नमुना, आणि आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा (कोअर) ज्यात घडतो तो कोअर बॉक्स बनवण्याचं, आणि त्याच कास्टिंगच्या (ओतलेल्या भागाच्या) मशीनिंगला जॉब धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरचं. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात अशी लहान वर्कशॉप पुष्कळ आहेत. थ्रीडी मॉडेल बाहेरून करून घ्यायचं आणि आपण टूडी ड्रॉइंगवर काम रेटायचं, ही आमचीही वर्षानुवर्षांची पद्धत होती. गेल्या काही महिन्यांपासून सगळी मॉडेलं आम्ही आमच्याकडेच फ्रीकॅड या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. माझं मत आधीच सांगतो: पॅटर्नचं डिझाइन, कास्टिंगच्या वजनाचा अंदाज आणि फिक्स्चर या तीन कामांना हे सॉफ्टवेअर पुरतं. वळणदार पृष्ठभागाचे टूलपाथ (मशीनच्या कटरच्या वाटा) मात्र मी त्यात काढत नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

फ्रीकॅडवर २००२ पासून काम चालू आहे, पण १.० हा आकडा त्याला मिळाला नोव्हेंबर २०२४ मध्ये. आमच्यासारख्यांना फरक पडला तो याच आवृत्तीपासून. आधी काय व्हायचं, तर मॉडेलच्या सुरुवातीचं एखादं माप बदललं की प्रत्येक फेसला (आकाराच्या पृष्ठभागाला) सॉफ्टवेअरने दिलेला आतला क्रमांक बदलायचा. त्या फेसवर काढलेलं स्केच (टूडी रेखाकृती) मग भलत्याच फेसवर जाऊन बसायचं आणि पुढच्या पायऱ्यांचं सगळं झाड लाल व्हायचं, म्हणजे चुका दाखवायचं. १.० मध्ये हा त्रास बराच आवाक्यात आला आहे. पूर्ण संपलेला नाही. म्हणून आमच्याकडे एक नियम पक्का आहे: स्केच फेसवर काढायचं नाही, मूळ प्लेनवर किंवा डेटम प्लेनवरच (आपण मांडलेल्या संदर्भ पातळीवरच) काढायचं. एवढं पाळलं तर ग्राहकाने तिसऱ्यांदा माप बदललं तरी मॉडेल उभं राहतं.

पॅटर्नच्या कामात खरी किंमत आहे ती क्रमाला. आधी तयार पार्टच्या मापाचं शरीर (बॉडी, म्हणजे घन आकार). मग जिथे मशीनिंग होणार त्या फेसवर अलाउन्स, म्हणजे कापण्यासाठीचं जादा मटेरियल. मग ड्राफ्ट, म्हणजे पॅटर्न वाळूतून सुटावं म्हणून भिंतींना दिलेला उतार, आणि कडांच्या गोलाया सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला तर ड्राफ्टची आज्ञा हमखास अडते, कारण गोलाई आलेल्या कडांपाशी तिला न्यूट्रल प्लेनपासून (उतार जिथून मोजतात त्या पातळीपासून) सरळ उतार देता येत नाही. ८० मिमी उंचीच्या भिंतीला दीड अंश ड्राफ्ट म्हणजे एका बाजूला साधारण २.१ मिमी. मशीनिंग अलाउन्स आणि ड्राफ्ट एकाच फेसवर आले की हे दोन मिलिमीटर कुठे जमा होतात ते आधी बघावं लागतं, नाहीतर कटर एका टोकाला जास्त मटेरियल खातो. क्लिपिंग प्लेन (मॉडेलचा छेद दाखवणारी पातळी) सरकवत हे कॉम्प्युटरवरच दिसतं. मला या सॉफ्टवेअरची ही सोय सगळ्यात मोलाची वाटते.

धातू थंड होताना होणारं आकुंचन मात्र मी मूळ मॉडेलमध्ये कधीच मिसळत नाही. ग्रे आयर्नला (साध्या ओतीव लोखंडाला) आम्ही साधारण एक टक्का धरतो, म्हणजे ३०० मिमीच्या कास्टिंगला ३०३ मिमीचं पॅटर्न. ड्राफ्ट नावाच्या वर्कबेंचमध्ये (वर्कबेंच म्हणजे फ्रीकॅडमधला आज्ञांचा संच; वरच्या उताराशी या नावाचा संबंध नाही) क्लोन, म्हणजे मूळ मॉडेलला जोडलेली प्रत, काढायचा आणि त्याच्या स्केलच्या तिन्ही घरांत १.०१ टाकायचं. मूळ मॉडेल कास्टिंगच्या मापात राहतं, क्लोन पॅटर्नच्या मापात. तेच कास्टिंग उद्या ॲल्युमिनियममध्ये मागितलं तर फक्त तो आकडा बदलतो. पूर्वी मिस्त्री आकुंचन धरून आखलेल्या पट्टीने मापं घ्यायचे, त्यात दोन पट्ट्या एकाच टेबलावर असण्याची आणि चुकीची उचलली जाण्याची भीती कायम असायची. आता ती राहिली नाही.

पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे जुळतात ती रेषा, कुठे घ्यायची हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही, आणि सांगूही नये. आमचे जुने मिस्त्री मॉडेल स्क्रीनवर फिरवायला लावतात आणि म्हणतात, "पार्टिंग हितनं नको, बॉस अडकतोय." (बॉस म्हणजे भागावरचा उंचवटा.) त्यांनी बोट ठेवलं तिथे प्लेन टाकायचं आणि मॉडेल चिरून दोन भाग दाखवायचे. जे पूर्वी लाकूड कापल्यावर कळायचं ते आता चहा संपायच्या आत ठरतं. कोअरचंही तसंच. आतल्या पोकळीचं वेगळं शरीर करायचं, त्याला कोअर प्रिंट (साच्यात कोअर टेकवणारी टोकं) जोडायचे, आणि तेच ठोकळ्यातून वजा केलं की कोअर बॉक्स तयार. प्रिंटमधला क्लिअरन्स (मोकळी फट) आम्ही स्प्रेडशीटमध्ये एका नावाने ठेवतो, त्यामुळे फौंड्रीने "जरा सैल करा" म्हटलं की एकच घर बदलायचं.

स्प्रेडशीटबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नवीन माणूस इथेच अडतो. फ्रीकॅडच्या आतच स्प्रेडशीट असतं आणि घराला टोपणनाव देऊन ते स्केचच्या मापाला जोडता येतं. शरीराचं घनफळही सूत्राने घरात आणता येतं. ग्रे आयर्नची घनता साधारण ७.२ धरली तर एक लिटर घनफळाला ७.२ किलो, म्हणजे कोटेशनच्या वेळी वजन समोरच असतं. पण मापांचं स्प्रेडशीट आणि वजनाचं स्प्रेडशीट वेगळं ठेवा. मॉडेल ज्या स्प्रेडशीटवर अवलंबून आहे त्याच स्प्रेडशीटमध्ये मॉडेलचं घनफळ मागितलं, तर सॉफ्टवेअर त्याला चक्राकार अवलंबन समजतं आणि नकार देतं. घर वेगळं असून चालत नाही, सबंध स्प्रेडशीटच वेगळं लागतं.

ग्राहकाकडून बहुतेक वेळा स्टेप फाइल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारं सामाईक स्वरूप) येते आणि ती नीट उघडते. दुसऱ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरच्या मूळ फाइली इथे उघडतीलच असं धरू नका, स्टेपच मागून घ्या. स्टेपमध्ये मॉडेल कसं घडवलं त्याचा इतिहास नसतो, नुसता घट्ट आकार येतो. आम्हाला त्यातली ड्रिलची आणि टॅपची भोकं नको असतात, कारण ती कास्टिंगमध्ये येतच नाहीत. पार्ट वर्कबेंचमध्ये डीफीचरिंग नावाची आज्ञा आहे: भोकाचे फेस निवडायचे, ती भोक बुजवून देते. साध्या भोकांना उत्तम चालते. गोलायांच्या गुंत्यात सापडलेल्या भोकाला नाही, तिथे वरून दंडगोल जोडून बुजवावं लागतं.

गोलाई ही याची दुखरी बाजू आहे. फ्रीकॅडचं भूमितीचं इंजिन ओपन कॅस्केड आहे, आणि जिथे गोलाई शेजारची कड पूर्ण खाऊन टाकते तिथे ते बहुतेक वेळा हात वर करतं. ज्या कास्टिंगला चहूबाजूंनी रिब (आधाराच्या पट्ट्या) आहेत आणि प्रत्येक कोपऱ्यात तीन-चार गोलाया भेटतात, तिथे वेळ जातो. त्रिज्या थोडी कमी करणं, कडा गटागटाने घेणं, मोठी गोलाई आधी आणि छोटी नंतर, असे मार्ग आहेत आणि ते शिकावेच लागतात. ज्यांचं रोजचं काम इंजिनच्या सिलिंडर हेडसारख्या आकारांचं आहे, त्यांनी सगळा भार यावर टाकू नये असं मला वाटतं.

फिक्स्चरच्या कामात मात्र हे सॉफ्टवेअर मला मनापासून आवडलं. १.० मध्ये असेंब्लीचं वर्कबेंच मुळातच आहे. बेसप्लेट असेंब्लीत जागेवर पक्की (ग्राउंड) करायची, लोकेटर, रेस्टिंग पॅड, क्लॅम्प जॉइंटने बसवायचे, वर जॉब ठेवायचा आणि कटर क्लॅम्पला आपटतो का ते बघायचं. फास्टनर्स नावाचं ॲडऑन टाकलं की ॲलन बोल्ट तयार मिळतात. भाग खूप वाढले की असेंब्ली जड होते. पन्नास-साठ भागांच्या फिक्स्चरला आमच्या साध्या कॉम्प्युटरवर अडचण आली नाही.

आता टूलपाथ. कॅम वर्कबेंचमध्ये प्रोफाइल, पॉकेट, ड्रिलिंग आणि ॲडॅप्टिव्ह ही कामं विश्वासाने होतात. फिक्स्चर प्लेटचे प्रोग्रॅम आम्ही तिथूनच काढतो. पोस्ट प्रोसेसर (टूलपाथचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा भाग) निवडल्यावर निघालेला जी-कोड, म्हणजे मशीनचा प्रोग्रॅम, आपल्या कंट्रोलरला जसाच्या तसा मानवेल असं गृहीत धरू नका. सुरुवातीच्या आणि शेवटच्या ओळी वाचा, टूल बदलाची ओळ वाचा, आणि पहिला प्रोग्रॅम जॉबच्या वर हवेतच चालवा. पॅटर्नच्या वळणदार पृष्ठभागासाठी लागणारं थ्रीडी सरफेसिंग १.० मध्ये अजून प्रायोगिक गटात आहे आणि संथ आहे. ते काम आम्ही स्टेप देऊन बाहेरच्या व्हीएमसीवाल्याकडूनच (उभ्या सीएनसी मिलिंग मशीनवाल्याकडूनच) करून घेतो.

ड्रॉइंगसाठी टेकड्रॉ हे वर्कबेंच आहे. फर्स्ट अँगल (दृश्यं मांडायची पद्धत) निवडता येतो, आणि टेम्प्लेट एसव्हीजी चित्रफाइल असल्याने आपलं टायटल ब्लॉक इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून बसवता येतं. मापं हाताने नीट मांडावी लागतात, भौमितिक टॉलरन्सची चिन्हं टाकायला वेळ लागतो. शॉपमधल्या ड्रॉइंगला एवढं चालतं. ऑडिटला जाणाऱ्या ड्रॉइंगला जास्त मेहनत धरा.

पैशांचा मुद्दा सगळे आधी काढतात. हे फुकट आहे, धंद्याच्या कामाला वापरायलाही फुकट आहे आणि त्याला उलाढालीची मर्यादा नाही. मला त्याहून मोठी वाटते ती फाइलची गोष्ट. पॅटर्न दहा-पंधरा वर्षांनी दुरुस्तीला परत येतं. तेव्हा वर्गणी भरलेली नाही म्हणून आपलंच मॉडेल उघडत नाही, ही वेळ लहान वर्कशॉपवर येऊ नये. फ्रीकॅडची फाइल म्हणजे साधी झिप आहे, आत मजकुराच्या आणि आकाराच्या फाइली आहेत. तरीही प्रत्येक काम संपल्यावर आम्ही सोबत एक स्टेप आणि ड्रॉइंगची पीडीएफ काढून ठेवतोच.

सुरू करणाऱ्याने पहिल्याच दिवशी प्रेफरन्समध्ये तीन गोष्टी लावून घ्याव्यात. माऊसची पद्धत आपल्या जुन्या सॉफ्टवेअरसारखी करा, त्यासाठी वेगवेगळे पर्याय दिलेले आहेत. ऑटोसेव्ह चालू आहे का बघा आणि बॅकअप फाइलींची संख्या वाढवा. दशांश स्थळं तीन करा, कारण दोनवर ठेवली तर एच७ (बारीक टॉलरन्सच्या) भोकाचं माप स्क्रीनवर गोल होऊन दिसतं.