गेट ते पोर्च: ६० मिमी पेव्हर ब्लॉक कसे आहेत?

गाडी जाणाऱ्या जागेसाठी आमची पसंती सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकलाच. मात्र ६० मिमी जाडीचे, एम-३५ ग्रेडचे (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत), प्रेस मशीनवर काढलेले घ्या. रबर मोल्डचे चकचकीत ब्लॉक दुकानात देखणे दिसतात, पण पावसात त्यांच्यावरून दुचाकी घसरते. ५० मिमीचे फक्त पायवाटेला.

ब्लॉक खचतात ते बहुतेक वेळा खालच्या कामामुळे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ती दीड-दोन फूट काढून मुरूम थराथराने, पाणी मारून दाबावा. वर १५० मिमी खडी, मग ३० मिमी जाडसर वाळू. वाळूऐवजी कच (खडी फोडताना निघणारा चुरा) टाकली तर तिच्यातली भुकटी पाणी धरते आणि चाकांखाली चर पडतात. ब्लॉक हेरिंगबोन पद्धतीने (एकमेकांना काटकोनात, नागमोडी), दोन-तीन मिमी फट ठेवून लावा. फटींत कोरडी बारीक वाळू भरून कॉम्पॅक्टर (दाबायचं कंप देणारं मशीन) फिरवा. कडेला काँक्रीटचा पट्टा हवाच, नाहीतर ओळी बाहेर सरकतात. उतार ५० फुटांना एक फूट, घरापासून दूर.

शहाबादी स्वस्त पडते, पण खाली पोकळी राहिली की तडकते. पॉलिश कोटा इथे नकोच. पाइपसाठी उकरलं तरी पेव्हर तेच परत बसवता येतात. काँक्रीटला ठिगळ लागतं.