साताऱ्यातली 'परवानाधारक' वारसा फेरी: आमचे 9,800 रुपये कसे गेले

साताऱ्यात गाइड घेऊन शहर पायी बघायचा कुणाचा बेत असेल, तर आधी हे वाचा. आम्ही चौदा जण होतो आणि 9,800 रुपये घालवून बसलो. पैशांचं वाईट वाटतंच, पण त्या दिवशी अण्णांचा चेहरा जो उतरला तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून सगळं लिहिते आहे.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय 81, हयात शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. साताऱ्याचं गेंडामाळ एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढं एकच त्यांनी माझ्याकडे मागितलं होतं. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी 1839 मध्ये गादीवरून काढलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे झगडत राहिले. पुढे 1857 मध्ये साताऱ्यातला इंग्रजांविरुद्धचा कट फुटला आणि सतरा जणांना गेंडामाळावर मारलं. कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता. रंगो बापूजी निसटले, ते पुन्हा कुणाला सापडलेच नाहीत. हा धडा शिकवताना अण्णांचा आवाज भरून यायचा, असं त्यांचे जुने विद्यार्थी आजही सांगतात.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. सोसायटीतल्या बायकांनी सहल काढायची ठरवली तेव्हा मीच साताऱ्याचं नाव सुचवलं. मोबाईलवर एक जाहिरात दिसली: 'सातारा वारसा फेरी, नगरपरिषद मान्यताप्राप्त परवानाधारक गाइड, माणशी 450 रुपये'. राजवाडा, 'चार भिंती' हे स्मारक, अजिंक्यतारा किल्ला, शिवाय संग्रहालयात वाघनखं. इथेच मी सावध व्हायला हवं होतं. ती वाघनखं लंडनहून जुलै 2024 मध्ये साताऱ्यात आली, सात महिने तिथल्या संग्रहालयात होती आणि मग नागपूरला गेली. आमची सहल नोव्हेंबर 2025 मधली. अण्णांना हे माहीत होतं, पण जाहिरात मी त्यांना दाखवलीच नाही. 6,300 रुपये आगाऊ पाठवून दिले, तेही एका माणसाच्या खासगी खात्यावर.

पहाटे साडेचारला निघालो, कराडला चहा-नाश्ता झाला. राजवाड्यासमोर तो गाइड उभाच होता. तिशीचा असेल, बोलायला गोड. सगळ्यांना 'मावशी', अण्णांना 'आजोबा', वाकून नमस्कारसुद्धा केला. मग म्हणाला, "आधी ग्रुप फोटो काढू, आठवण राहते." त्याने स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढला. लगेच पुढचं वाक्य: "मावशी, नगरपरिषदेचं पदयात्रा परवाना शुल्क वेगळं असतं. माणशी शंभर, रोख. पावती संध्याकाळी एकदमच देतो."

मी कार्ड मागितलं. निळ्या फितीत गळ्यात होतंच. आता ते कार्ड आठवते तेव्हा सगळं स्पष्ट दिसतं. लॅमिनेशनमध्ये हवेचे बुडबुडे. 'नगरपरीषद' असं चुकीचं, दीर्घ री काढून लिहिलेलं. शिक्का आणि सही एकाच निळ्या रंगात, एकाच वेळी छापलेली. नंबर नाही, मुदत नाही, कुठल्या कायद्याखाली दिलंय त्याचा उल्लेख नाही. त्या क्षणी मात्र मला फक्त 'परवाना' हा शब्द दिसला आणि मी 1,400 रुपये मोजून दिले.

फेरी म्हणजे काय, तर तो पुढे चालत होता आणि मनाला येईल ते सांगत होता. अजिंक्यतारा म्हणे शिवाजी महाराजांनी बांधला आणि अजिंक्य नावाच्या सरदाराचं नाव त्याला दिलं. अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते, ओठ हलत होते. शेवटी राहवेना तेव्हा हळूच म्हणाले, "बाळा, किल्ला शिलाहारांचा. महाराजांनी 1673 मध्ये घेतला. 1700 साली औरंगजेबाने वेढा घालून घेतला तेव्हा मुलाच्या नावावरून आझमतारा केला. ताराराणींनी परत मिळवला, मग अजिंक्यतारा." तो हसून म्हणाला, "आजोबा, पुस्तकात वेगळं असतं." आमच्यातल्या दोघीजणी हसल्या. अण्णा पुढे काही बोलले नाहीत. मग त्याने आम्हाला एका पेढ्यांच्या दुकानात नेऊन तब्बल पाऊण तास बसवून ठेवलं.

तिथून निघताना अण्णांनी विचारलं, "गेंडामाळ केव्हा दाखवणार?"

"कुठला माळ?"

"गेंडामाळ. सत्तावनचे हुतात्मे."

"ते सातारच्या बाहेर आहे आजोबा, तालुक्याला. आपल्या पॅकेजमध्ये नाही."

गेंडामाळ सातारा शहरातच आहे. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, आपली सून फसली हे त्यांना कळलं होतं.

किल्ल्याच्या पायथ्याशी पुन्हा तेच. "वर जायला ग्रुप परवानगी लागते, माणशी दीडशे." आणखी 2,100. तेही दिले गेले, कारण एवढ्या लांब आलो आणि वर न जाता परत फिरायचं कसं! पैसे त्याच्या खिशात जातात न जातात तोच फिरायला आलेले एक सातारकर काका आमच्यापाशी थांबले. "ताई, कसली परवानगी? मी वीस वर्षं रोज चढतोय, कुणी रुपया मागितला नाही." तो पटकन म्हणाला, "ग्रुपचा नियम वेगळा असतो काका. थांबा, ऑफिसमधून पावतीच घेऊन येतो." मोटरसायकल काढली आणि गेला. पाऊण तास वाट बघितली. फोन आधी बिझी, मग बंद.

नंतर चौकशी केली. साताऱ्यातल्या एका नातेवाइकांनी नगरपरिषदेत जाऊन विचारलं. तिथे सांगितलं की शहर दाखवणाऱ्यांना असा परवाना आम्ही देत नाही आणि असं शुल्कही घेत नाही. माझा भाचा वकील आहे, त्याने बाकीचं समजावलं. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांसाठी 1959 चे नियम आहेत. तिथे पुरातत्त्व अधिकाऱ्याच्या परवान्याशिवाय पैसे घेऊन कुणाला स्मारक दाखवता येत नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालय गाइडना परवाना आणि प्रमाणपत्र देतं, तेही खरं. पण गावातल्या चौकाचौकांतून, गल्ल्यांतून पायी फिरवणाऱ्याला ते स्मारकांचे नियम लागत नाहीत, आणि असले भामटे नेमके त्याच फटीत घुसतात. परवानाच नाही, तर खोट्या परवान्याला 'हा खोटा' असं म्हणणार कोण?

याच जिल्ह्यात कास पठार आहे, 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटाचा भाग. तिथे फुलांच्या हंगामात माणसांची मर्यादा आहे, आधी नोंदणी करावी लागते आणि भोवतालच्या गावांच्या समित्या व्यवस्था बघतात. शहरातही निदान एक साधी नोंदवही का असू नये? गाइडचं नाव, फोटो, नंबर आणि ठरलेला दर, आणि ती यादी राजवाड्यासमोर फलकावर लावलेली. मनापासून शहर दाखवणाऱ्या मुलांना तर ते हवंच असेल, कारण अशा एका माणसामुळे संशय त्यांच्यावरही येतो.

तोवर एवढं नक्की करा. 'परवाना' म्हटलं की विचारा, कुणाचा? त्या कार्यालयाला स्वतः फोन लावा, त्याने दिलेल्या नंबरवर नको. सरकारी शुल्काची पावती पैसे देतानाच घ्या. संध्याकाळी मिळणारी पावती मिळत नसते. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी रात्री घरी पोचल्यावर केला, तोवर खातं रिकामं झालेलं होतं. आणि तक्रारीसाठी पुन्हा साताऱ्याला जायची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्याला माहिती घ्यावी लागते. आम्ही सांगलीतच दिली.

त्या दिवशी परत निघण्याआधी मी एका रिक्षावाल्या दादांना गेंडामाळ विचारलं. ते म्हणाले, "बसा की." थोड्याच वेळात पोचलो. अण्णांनी चपला बाहेर काढल्या आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले. रिक्षा थांबून राहिली होती, त्या वेळेचे पैसे दादांनी घेतले नाहीत.

गेल्या आठवड्यात ती जाहिरात पुन्हा दिसली. फेरीचं नाव बदललंय, नंबर बदललाय, दर 500 झालाय. खाली 'आमचे समाधानी पर्यटक' म्हणून एक फोटो आहे. राजवाड्यासमोर तेरा बायका आणि मध्ये काठी टेकून उभे असलेले, पांढऱ्या टोपीतले एक आजोबा. तो फोटो दिसला तर पैसे पाठवू नका. ते आम्ही आहोत.